रोटरी टूलला ड्रिल स्टँड कोणता घ्यावा? (करवंटीची कानातली, १ मिमी भोक, बजेट २,०००)

करवंटीताई
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. नारळाच्या करवंटीची आणि पितळी पत्र्याची कानातली घरीच बनवते. दोन वर्षं हातातल्या लोकल रोटरी टूलनेच (हातात धरायचं छोटं, वेगाने फिरणारं यंत्र) भोकं पाडतेय, करवंटीला १ मिमी आणि पितळेला १.५. करवंटी गोल असल्यामुळे ड्रिल टेकवलं की घसरतं आणि भोक तिरकं जातं. मग कानात घातल्यावर एक कानातलं समोर बघतं आणि दुसरं खांद्याकडे. मागच्या ऑर्डरीत ६० जोड्यांपैकी ११ जोड्या अशा गेल्या. करवंटी घासून गुळगुळीत करायला एका जोडीला अर्धा तास लागतो, त्यामुळे फार जिवावर येतं.
रोटरी टूल बसवायचा उभा स्टँड घ्यावा म्हणते. बजेट २,०००, त्याच्या वर नाही. वेगळं टेबल नाही, ओट्यावर काम करते आणि स्वयंपाकाच्या वेळी सगळं उचलून कपाटात ठेवते. कोणी वापरलाय का?

उद्यमनगरी
ताई, स्टँडच्या नादाला लागू नका. सरळ बेंच ड्रिल (टेबलावर बसवायचं जड ड्रिल मशीन) घ्या. माझ्याकडे १३ मिमी चकचं (चक म्हणजे ड्रिल पकडणारा जबडा) आहे, १८ वर्षं झाली, एकदा बेल्ट बदलला तेवढंच. ओतीव लोखंडाचा बेस, जागचा हलत नाही. जुनं चांगलं मशीन शिवाजी उद्यमनगरात फिरलात तर ६-७ हजारांत मिळून जाईल. एकदाच पैसे घालायचे आणि विषय संपवायचा.

सोल्डरवाला
मी घरी सर्किट बोर्ड बनवतो, ०.८ आणि १ मिमीची शेकडो भोकं पाडलीत. ड्रेमेल कंपनीचा २२० वर्कस्टेशन नावाचा स्टँड घ्या. दांडा खाली ओढला की टूल २ इंच खाली येतं, सोडलं की स्प्रिंगने वर जातं. १५-१५ अंशांनी तिरकं करून आडवंही करता येतं, म्हणजे पॉलिशलाही उपयोग. मला साडेपाच हजारांना पडला, पण चार वर्षांत पश्चात्ताप नाही.

पायताण_प्रेमी
चामड्याला पण चालंल का हे? मला पायताणाच्या पट्ट्याला भोकं पाडायची हायत.

हुपरीकर
चामड्याला ड्रिल कशाला लावताय भावा, चामडं जळतंय आणि भोकाला केसं सुटत्यात. त्याला आरी नायतर पंचच पाहिजे.
ताई, आमचं चांदीचं काम हाय, हुपरीला तिसरी पिढी. आजोबा सामत्यानं (हातानं फिरवायच्या जुन्या ड्रिलनं) भोक पाडायचे, आता लटकती मोटर, फ्लेक्सिबल शाफ्ट (वाकणारा दांडा) आणि पायात पेडल. वेग पायात असला की हात मोकळा राहतोय. स्टँडपेक्षा तीच घ्या. आणि कुठलंबी ड्रिल असूदे, मेणावर टेकवून मग लावायचं, गरम होत नाही आणि मोडत नाही.

करवंटीताई
सगळ्यांचे आभार. पण बजेट २,००० लिहिलंय. बेंच ड्रिल ओट्यावर रोज उचलून ठेवणं मला जमणारं नाही, वजन बघा त्याचं.

उद्यमनगरी
वजन आहे म्हणूनच ते हलत नाही. हलक्या स्टँडवर सरळ भोक कसं पडणार?

रंकाळा_कट्टा
उद्यमनगरी यांच्याशी सहमत. मी ऑनलाइन प्लॅस्टिकचा स्टँड मागवला होता, नाव घेत नाही. फोटोत धातूचा दिसत होता. आला तेव्हा टूल धरणारी कडी प्लॅस्टिकची, आणि दांडा खाली ओढला की टूल पुढे झुकायचं. १ मिमीची कार्बाइडची ५ ड्रिलं एका संध्याकाळी मोडली. परत घ्यायला तयार नाहीत, म्हणे पॅकिंग फाटलंय. पॅकिंग फाडल्याशिवाय आत काय आहे हे कसं कळणार? अजून माळ्यावर पडलाय. अजिबात घेऊ नका.

निवृत्त_फिटर
मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवत होतो. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय, म्हणून सविस्तर लिहितो.
फेरे काढायचं सूत्र : कापण्याचा वेग (मीटर/मिनिट) गुणिले १,०००, भागिले (३.१४ × ड्रिलचा व्यास मिमीमध्ये). पितळेला साधारण ६० धरला तर १ मिमी ड्रिलला मिनिटाला सुमारे १९,००० फेरे येतात, १.५ मिमीला १२,७००. बेंच ड्रिल दोन-अडीच हजारांच्या आसपास थांबतं. म्हणजे बारीक भोकाला रोटरी टूलच योग्य. शिवाय १३ मिमीचा चक बहुधा १.५ मिमीच्या खालचं ड्रिल पकडतच नाही. ताईंचं १ मिमीचं ड्रिल त्यात बसवायचं कसं?
उलट कोणी रोटरी टूलवर पोलादात ६ मिमीचं भोक पाडायला जाईल तर ते चूक. तिथे १,३०० फेरे लागतात आणि जोर लागतो. रोटरी टूलच्या कोलेटमध्ये (ड्रिलचा दांडा पकडणारी बारीक चिरलेली नळी) ३.२ मिमीच्या वर दांडा जात नाही, आणि ते बरोबरच आहे.
करवंटी मात्र पितळ नाही. ती लाकडासारखी तापते. वेग अगदी खाली ठेवा, टेकवा, उचला, भुसा निघू द्या, पुन्हा टेकवा. धूर दिसला की समजा ड्रिल घासतंय, कापत नाही.

उद्यमनगरी
सर, माझ्याकडे छोटा चक वेगळा आहे, ०.५ पासून धरतो. पण ठीक, फेऱ्यांचा मुद्दा मान्य.

इचलकरंजीकर
ड्रेमेल २२० घ्या. वर एकांनी सांगितलंच आहे. मीही तेच म्हणतो.

पायताण_प्रेमी
ड्रेमेल भारतातली कंपनी हाय का? स्पेअर मिळत्यात का?

सोल्डरवाला
अमेरिकेतली, विस्कॉन्सिन राज्यात १९३२ साली सुरू झालेली. १९९३ पासून बॉशकडे आहे.
ताई, एक महत्त्वाचं राहिलं. तुमचं टूल लोकल आहे म्हणजे आधी नाकाचे आटे बघा. पुढची टोपी फिरवून काढली की दिसतात. ड्रेमेलला पाऊण इंच व्यास आणि इंचाला १२ आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे २.१२ मिमी अंतर. बऱ्याच लोकल टूलला १९ मिमी आणि २ मिमी अंतर असतं. व्यास जवळजवळ सारखा, त्यामुळे पहिला-दुसरा फेरा छान बसतो आणि मग अडकतं. जोर केला की नाकाचं प्लॅस्टिक चिरतं. एका मित्राचं टूल असंच गेलं. दुकानात स्वतःचं टूल घेऊन जा आणि तिथेच फिरवून बघा.

करवंटीताई
हे मला माहीतच नव्हतं, मी आज ऑनलाइन मागवणारच होते! टोपी काढून बघितली, आटे आहेत, पण कुठले ते कळत नाही. टूल घेऊनच जाते.

गडहिंग्लजची_माई
मी करवंटीचे बाऊल आणि चमचे करते, म्हणून आवर्जून लिहितेय. स्टँड कुठलाही घे गं, पण खाली करवंटीला आधार काय देणार आहेस? सपाट फळीवर गोल करवंटी ठेवलीस तर मशीन कितीही भारी असलं तरी ती डुलणार. मी एम-सीलचा गोळा मळून फळीवर बसवला. करवंटीला आतून तेल लावलं, गोळ्यावर दाबली, घट्ट झाल्यावर उचलली. बरोबर आतल्या आकाराची बैठक तयार झाली. आता बाहेरच्या बाजूने भोक पाडते. खालून आधार असल्याने ड्रिल बाहेर पडताना आतला टवका उडत नाही. कानातल्यांचे दोन-तीन आकार असतील तर दोन-तीन बैठका कर.
घसरू नये म्हणून आधी बारीक गोळ्याच्या बरने (गोल टोकाचं कापणारं पातं) खळगा करून घे. करवंटीवर सेंटर पंच (हातोडीने खूण पाडायचा टोकदार खिळा) मारू नकोस, चिरते.
आणि मास्क घालच. करवंटीचा भुसा फार बारीक असतो, मला महिनाभर खोकला होता. केस बांध, बांगड्या काढ, हातमोजे अजिबात नको.

रंकाळा_कट्टा
हातमोजे का नको? हात सुरक्षित राहतो ना?

निवृत्त_फिटर
फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला की बोट आत ओढलं जातं. माई बरोबर सांगताहेत.

हुपरीकर
पितळेचं बी सांगतो. पातळ पत्र्यातनं ड्रिल आरपार जाताना पितळ ड्रिलला ओढून घेतंय, पत्रा वर चढतोय आणि गरगर फिरतोय. बोटानं धरला तर कापणारच, माझ्या अंगठ्यावर अजून वण हाय. दोन फळ्यांच्या मधी पत्रा दाबायचा, स्क्रू मारायचा आणि फळीसकट भोक पाडायचं. आणि ड्रिलची कापणारी धार बारीक दगडावर एक-दोनदा घासून थोडी मोडायची, मग ओढत नाही.

पायताण_प्रेमी
ते जाऊदे, कोल्हापुरी पायताणाला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय ते फक्त कोल्हापूरलाच हाय ना? काल एकजण भांडत होता.

इचलकरंजीकर
नाही. २०१९ साली मिळालं ते महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर.

पायताण_प्रेमी
आरं देवा. नाव कोल्हापुरी आणि वाटेकरी आठ?

उद्यमनगरी
कर्नाटकातल्या अथणी-निपाणीकडचे कारागीर कित्येक पिढ्या हेच करतात, त्यांचाही हक्क आहेच. पण हा धागा ड्रिलचा आहे.
ताई, एक सुचवतो. माझ्या ओळखीत टर्नर आहे. तुमच्या टूलच्या मापाची ॲल्युमिनियमची कडी, दोन पॉलिश केलेले रॉड आणि बेस, सगळं करून देईल. साडेतीन हजारांत बसवतो. रंकाळ्यावाल्यांसारखं होणार नाही.

सोल्डरवाला
हे बरं आहे. फक्त रॉड समांतर नसतील तर कडी अडकत चालेल. बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

करवंटीताई
(तीन आठवड्यांनी) मंडळी, सगळ्यांनी नको म्हटलं तोच घेतला, हलका स्टँड, १,६५० रुपयांना. लक्ष्मीपुरीत टूल घेऊन गेले, तीन स्टँड बसवून बघितले. पहिल्या दोघांत आटे अडकले. तिसऱ्यात आटे नाहीत, टूलच्या मानेभोवती पट्टा आवळायचा आहे, आणि तो पट्टा धातूचा आहे. दुकानात दांडा दहा वेळा खाली-वर केला, टूल झुकलं नाही. तेव्हाच पैसे दिले. साडेतीन हजार आत्ता माझ्याकडे नाहीत, आणि दिवाळीचं प्रदर्शन थांबणार नव्हतं.
घरी आणल्यावर थोडी हालचाल होती. बाजूचे स्क्रू अर्धा फेरा आवळले, खांबाला मेणबत्ती घासली आणि बेस १८ मिमी प्लायवर बोल्टने बसवला. प्लाय ओट्याला दोन क्लॅम्पनी धरते. स्वयंपाकाच्या वेळी क्लॅम्प सोडून अख्खी फळी उचलते, कपाटात मावते.
कार्बाइड ड्रिल घेतलं नाही, साधं हायस्पीड स्टीलचं घेतलं, ते जरा वाकतं पण पटकन मोडत नाही. चक काढून कोलेट लावलं. आधी ड्रिलचं टोक फिरताना थरथरायचं, ते बरंच थांबलं.
माईंची एम-सीलची बैठक हीच खरी किल्ली निघाली. ४८ जोड्या झाल्या, वाया गेल्या २, आणि त्याही पहिल्याच दिवशी, बैठक वाळायच्या आत घाई केली म्हणून.
पितळ मात्र स्टँडवर एकदाच केलं. फळ्या दाबूनही पत्रा उचलला, मला भीती वाटली. ते काम सध्या गुजरीतल्या एका कारागिराकडे देतेय.

उद्यमनगरी
अभिनंदन. पण पट्ट्याचा स्क्रू दर आठवड्याला तपासा, थरथरीने ढिला होतो. आणि हातात पैसे आले की बेंच ड्रिल घ्याच.

हुपरीकर
पत्रा उचलला म्हणजे ड्रिलची धार मोडली न्हाई तुम्ही. दगडावर दोनदा घासा आणि एका तुकड्यावर बघा.

गडहिंग्लजची_माई
४८ मध्ये २! ऐकून फार बरं वाटलं गं. मास्क घालतेस ना?

करवंटीताई
घालते माई. हुपरीकर दादा, धार घासलीच नव्हती, वाचलं होतं पण राहून गेलं. रविवारी रद्दी तुकड्यावर करून बघते.

रंकाळा_कट्टा
ताई, त्या पट्ट्याचं आतलं माप किती आहे? माझा माळ्यावरचा स्टँड खाली काढलाय. प्लॅस्टिकची कडी काढून तसा धातूचा पट्टा बसवता येईल असं वाटतंय.

करवंटीताई
पूर्ण ढिला केल्यावर ४३ मिमी भरतो, आवळल्यावर ३७ पर्यंत येतो. आतून पातळ रबर आहे. तुमच्या टूलची मान आधी मोजा, कुठे जाड आणि कुठे बारीक आहे तेही बघा, कारण पट्टा निमुळत्या भागावर आला तर घसरतो.