कॅमेरा घ्या, पण आधी आरसे नीट लावा

भाऊ, "गाडीला मागचं-बाजूचं दाखवणारा कॅमेरा बसवला की आरशांचं काम संपलं" असं काही जण म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. आपल्या इंदूरमध्ये धोका डावीकडून येतो. पलासिया चौकात सिग्नल सुटला की स्कूटरवाले डाव्या अंगाने घुसतात, आणि चालक बसतो उजवीकडे.

बहुतेकांच्या बाजूच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी दिसते. ती जागा वाया जाते. डोकं उजव्या खिडकीला टेकवा आणि उजवा आरसा इतका बाहेर वळवा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग दोन्ही सीटांच्या मधोमध झुकून डावा तसाच लावा. आता मागची गाडी मधल्या आरशातून सुटता सुटता बाजूच्या आरशात येते. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय होते. बहिर्गोल आरशात गाडी असते त्याहून लांब भासते, एवढं मात्र लक्षात ठेवा.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. जपानमध्ये २०१८ साली लेक्सस ईएस या गाडीला बाजूच्या आरशांऐवजी कॅमेरेच दिले होते. रिव्हर्स घेताना मागे खेळणारं लहान मूल आरशात दिसतच नाही, तिथे कॅमेरा हवाच. पण पावसात भिंगावर थेंब बसले की चित्र पुसट होतं. शिवाय चाळिशी लागलेल्यांना रस्त्यावरून नजर जवळच्या पडद्यावर आणायला क्षणभर लागतो. आरशात डोकं जरा हलवून जास्त बघता येतं, पडद्यावर तसं होत नाही.

आणि लेन बदलताना मान वळवून बघाच, दोन्ही असले तरी.