मामांसाठी मराठी वाचून दाखवणारे अ‍ॅप सुचवा (मर्यादा ३,००० रुपये, मासिक वर्गणी नको)

कराडची_भाची

नमस्कार. माझे मामा ७४ वर्षांचे असून कराडला राहतात. मॅक्युलर डीजनरेशनमुळे त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेने माणसे आणि दारे-खिडक्या ओळखता येतात, परंतु छापील ओळ हाती लागत नाही. त्यातच कंपवात असल्याने भिंग स्थिर धरणे किंवा मोबाइलच्या पडद्यावर नेमक्या जागी बोट टेकवणे त्यांना जमत नाही. जिल्हा परिषदेत टंकलेखक म्हणून त्यांनी सारी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर वाचायचे म्हणून जमवलेली चरित्रे, इतिहासाची पुस्तके आणि जुने दिवाळी अंक आता कपाटात तसेच पडून आहेत.

त्यांना ही पुस्तके आणि रोजच्या बातम्या ऐकता याव्यात, इतकीच अपेक्षा आहे. त्यांच्याकडे साधा अँड्रॉइड फोन आहे. एकूण खर्च ३,००० रुपयांच्या आत बसावा. दरमहा पेन्शनमधून पैसे कापले जाणे त्यांना अजिबात मान्य नाही. भावाचा जुना विंडोज लॅपटॉप घरात आहे, पण तो जमेस धरू नये. कोणते अ‍ॅप घ्यावे?

पौडफाटा

माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही सरळ आयफोन घेतला आणि तो प्रश्न कायमचा मिटला. व्हॉइसओव्हर ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय २००९पासून आयफोनमध्ये अंगभूत आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. दोन बोटांनी पडदा वरून खाली ओढला की उघडलेले पान वाचले जाते. आरोग्याच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा परवडत नसेल तर वापरलेला घ्यावा.

कराडची_भाची

सूचनेबद्दल आभार, परंतु वापरलेला आयफोनसुद्धा ३,००० रुपयांत येत नाही.

कानाने_वाचतो

मी जन्मांध आहे आणि संगणक व फोन केवळ ऐकून वापरतो. आपण अ‍ॅप विचारत आहात; मी आधी मजकुराबद्दल बोलतो, कारण मराठीत खरी अडचण तिथे आहे आणि बहुतेक लोक अ‍ॅप बदलत बसतात.

मराठीतल्या असंख्य पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये तयार झालेल्या आहेत (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी, सगळ्या यंत्रांना समजणारी पद्धत). श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत साठवलेली असतात ती भलतीच चिन्हे, त्यामुळे कितीही महागडे अ‍ॅप घेतले तरी ते अगम्य काहीतरी बडबडणार. याची परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधले एक वाक्य कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवावे. मराठी जसेच्या तसे उतरले तर फाइल कामाची. अक्षरे मोडली तर फाँटचा घोळ. आणि काहीच निवडता आले नाही तर ते पान म्हणजे नुसते छायाचित्र आहे. वृत्तपत्रांचे ई-पेपर पुष्कळदा या तिसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणून बातम्यांसाठी त्याच वृत्तपत्राचे नेहमीचे संकेतस्थळ उघडावे. तिथला मजकूर युनिकोडमध्ये असतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन गूगलचा मराठी आवाज मुद्दाम उतरवून घ्यावा. तो नसेल तर पुष्कळदा हिंदी आवाज मराठी वाचायला बसतो, आणि मग ज्ञानेश्वरांचे ग्यानेश्वर होतात. आपल्या मामांसारखा वाचक दोन पानांत फोन बाजूला ठेवील.

तिसरी गोष्ट अशी की टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला पूर्ण पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्यांच्यावर लादू नका. टॉकबॅक सुरू केल्यावर स्पर्शाचे सगळे नियम बदलतात, एकदा टेकवून ऐकायचे आणि दोनदा ठोकून उघडायचे, आणि कंपवात असलेल्या हाताला हे फार जड जाते. ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्येच सिलेक्ट टू स्पीक ही वेगळी सोय आहे. ती हवे तेवढेच वाचते आणि बाकीचा फोन पूर्वीसारखाच चालतो. पुस्तकांसाठी अ‍ॅट-व्हॉइस अलाउड रीडर किंवा डॉल्फिन कंपनीचे ईझी रीडर घ्यावे. पहिले जाहिरातींसह फुकट आहे आणि ईपब (ई-पुस्तकांचे प्रचलित स्वरूप), पीडीएफ, वर्डच्या फाइल उघडते. दुसरेही मोफत आहे आणि डेझी या, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच्या खास स्वरूपातली पुस्तकेही वाचते.

निवांत_सदाशिव

एवढी यातायात कशासाठी? स्टोरीटेल हे वर्गणी भरून पुस्तके ऐकण्याचे अ‍ॅप २०१७पासून भारतात आहे आणि त्यावर मराठी पुस्तके उत्तम कलाकारांच्या आवाजात ऐकायला मिळतात. यंत्राच्या रटाळ आवाजात चरित्र ऐकणे ही त्या चरित्रनायकाची विटंबना आहे. मी रोज सकाळी फिरताना ऐकतो आणि माझी दृष्टी ठणठणीत आहे.

कानाने_वाचतो

सदाशिवराव, आपली दृष्टी ठणठणीत आहे याचा आनंद आहे. तरीही सांगतो, मासिक वर्गणी नको असे पहिल्याच लेखात लिहिले आहे, आणि मामांच्या कपाटातला जुना दिवाळी अंक कोणत्याही कंपनीने ध्वनिमुद्रित केलेला नसणार. शिवाय दुसऱ्याने रंगवून म्हटलेले ऐकणे आणि आपल्या गतीने वाचणे यांत अंतर आहे. मला यंत्राचा सपाट आवाजच हवा असतो, कारण तो मी दुप्पट-तिप्पट वेगाने पळवू शकतो, एखादे नाव अडले तर अक्षर-अक्षर सुटे करून ऐकू शकतो आणि परिच्छेद मागे-पुढे करू शकतो.

निवांत_सदाशिव

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हेच, असे आमचे गुरुजी म्हणत. आपण दोघेही ऐकतोच आहोत. मी निदान चांगला आवाज ऐकतो.

शाळेतल्या_बाई

वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) असलेल्या मुलांबरोबर काम करत असल्याने थोडे लिहिते. वर युनिकोडबद्दल सांगितले आहे ते अगदी खरे आहे. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ घेतली की आम्हीही आधी वाक्य कॉपी करूनच पाहतो.

पालक माझ्याकडे येतात ते नेहमी 'डिस्लेक्सियाचा फाँट' मागत. ओपनडिस्लेक्सिक हा फाँट रोमन लिपीसाठी आहे, त्यात देवनागरी नाही, आणि इंग्रजीतही त्याने वाचन सुधारते असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. मराठीत फरक पडतो तो ओळींमधल्या अंतराने. आपल्या लिपीत वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली लटकतात; ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात, आणि मुलाला दोन्ही ओळी अडखळवतात. म्हणून अक्षर मोठे करण्याआधी ओळींमधले अंतर वाढवता येणारे अ‍ॅप निवडावे. आमच्या शाळेत मुले संगणकावर एज ब्राउझरमधली 'रीड अलाउड' ही सोय वापरतात. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळतो, त्यामुळे मुलांची नजर ओळीवरून घसरत नाही. अर्थात हे मुलांसाठी झाले, आपल्या मामांचा प्रश्न वेगळा आहे.

मामांसाठी सुगम्य पुस्तकालय या सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्व अवश्य घ्यावे. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या साहाय्याने २०१६ साली ते सुरू केले. ते फक्त अंधांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. अल्पदृष्टी, वाचन-अक्षमता किंवा पुस्तक हातात धरता न येणे, यांपैकी कोणत्याही कारणाने छापील मजकूर वाचता न येणारी व्यक्ती त्यात बसते.

पौडफाटा

आयफोनवरही ओळींमधले अंतर वाढवता येते.

भुर्दंड

आयफोनवाल्यांचे कौतुक पुरे झाले. मी एक नावाजलेले वाचक-अ‍ॅप एकरकमी पैसे भरून घेतले होते. पुढे त्याची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी जुन्या ग्राहकांकडेही वार्षिक वर्गणी मागितली. जगभरातून आरडाओरडा झाल्यावर निर्णय मागे घेतला, तरी विश्वास गेला तो गेलाच. कराडच्या ताईंनी 'आयुष्यभरासाठी एकदाच' असे लिहिलेल्या कोणत्याही अ‍ॅपवर पैसे घालू नयेत.

कायद्याने_वागा

इथे कोणीतरी कपाटातली पुस्तके स्कॅन करण्याचा सल्ला देणारच, म्हणून आधीच विचारतो. अख्खे पुस्तक स्कॅन करणे ही चोरी नव्हे काय? उद्या तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि प्रकाशक बुडतो. मी स्वतः प्रकाशन व्यवसायात आहे.

कानाने_वाचतो

सल्ला अजून कोणी दिला नव्हता, तो आता मीच देतो. कॉपीराइट कायदा १९५७मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी स्पष्ट अपवाद घातला गेला. त्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाची सुलभ प्रत करता येते, आणि तिच्या खासगी वापरासाठी अशी प्रत तिला देताही येते. पुढे २०१३ साली अशा सुलभ प्रतींना मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार झाला आणि त्याला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल फिरवणे हा गुन्हाच आहे, पण भाचीने मामांसाठी पुस्तक स्कॅन करणे हा गुन्हा नाही. प्रकाशकांनी युनिकोडमधले ईपब वेळेवर विकले असते तर माझ्यासारख्याला आयुष्यातल्या कित्येक सुट्या स्कॅनरसमोर घालवाव्या लागल्या नसत्या.

कायद्याने_वागा

अपवाद मला ठाऊक आहे. गैरवापराबद्दल बोललो.

शाळेतल्या_बाई

स्कॅनविषयी एवढेच सांगते की पानाचे छायाचित्र गूगल ड्राइव्हवर चढवून ते गूगल डॉक्सने उघडले की मराठी मजकूर सुटा होऊन मिळतो. फाइल दोन एमबीच्या आत ठेवावी. जुन्या, पिवळ्या पडलेल्या पानांवर जोडाक्षरे आणि अनुस्वार चुकतात, पण ऐकणाऱ्याला अर्थ लागतो. ज्या लेखकांच्या निधनाला ६० वर्षे उलटून गेली आहेत त्यांचे हक्क संपलेले असतात; अशी काही पुस्तके मराठी विकिस्रोतावर टंकलेली तयार मिळतात आणि ईपब म्हणून उतरवताही येतात. तेव्हा स्कॅन करण्याआधी तिथे पाहावे. मराठी विश्वकोशही युनिकोडमध्ये उपलब्ध आहे.

निवांत_सदाशिव

एवढे करण्यापेक्षा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी तासावर ठेवावा. त्यालाही चार पैसे मिळतील आणि मामांना सोबत.

कराडची_भाची

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी कराडला जाऊन मामांसमोर बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या, त्यांनी काय ठरवले ते लिहिते.

फोन त्यांनी सपशेल नाकारला. अ‍ॅट-व्हॉइस चांगले वाचत होते, मराठी आवाजही नीट बसला होता, परंतु थांबवण्याच्या बटणाऐवजी बोट भलतीकडे लागून पुस्तक पंचवीस पाने पुढे जायचे आणि मामा चिडायचे. सिलेक्ट टू स्पीकचेही तसेच झाले. मग शाळेतल्या बाईंनी मुलांसाठी म्हणून सांगितलेला एज ब्राउझर मी त्याच जुन्या लॅपटॉपवर उघडला, जो जमेस धरू नये असे मी लिहिले होते. कंट्रोल, शिफ्ट आणि यू या तीन कळा एकत्र दाबल्या की वाचन सुरू होते आणि पुन्हा दाबल्या की बंद होते, एवढे एकदा सांगितल्यावर त्यांनी कळफलकाकडे न पाहता ते केले. पडद्यावर कंप पावणारे बोट कळेवर मात्र स्थिरावते, कारण कळेला उंचवटा आहे आणि तिची जागा त्यांना पाठ आहे. आरोहीचा आवाज त्यांना पसंत नाही, मनोहरचा चालतो. वेग सध्या नेहमीपेक्षा कमी ठेवला आहे.

म्हणून अ‍ॅप घेतलेले नाही. पैशांतून एक बरा स्पीकर घेतला आहे आणि लॅपटॉपची बॅटरी बदलायची आहे. दोन्ही मिळून मर्यादेच्या आत बसते. पुस्तके मी पुण्यात फोनने टिपून गूगल डॉक्सवर मजकूर काढीन आणि वेबपान म्हणून जतन करून त्यांना पाठवीन. पहिला नंबर एका जुन्या दिवाळी अंकाचा आहे. सुगम्य पुस्तकालयाचे त्यांनी तूर्त नको म्हटले आहे; त्यांच्या मते त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला काढणे म्हणजे कचेरीत पुन्हा हेलपाटे घालणे, आणि कचेरी आतून पाहिलेला माणूस ते काम दुसऱ्यावर सोपवतो. तेव्हा ते माझ्याकडे आले आहे.

कानाने_वाचतो

निवड माझ्या सल्ल्याविरुद्ध असली तरी कारण पटले. मात्र एजमधले ते नैसर्गिक आवाज इंटरनेटवरून येतात, जोडणी गेली की वाचन थांबते. म्हणून लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम बसवून ठेवा. त्यातला ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. आवाज कर्कश आहे, पहिल्या दिवशी मामा तुम्हाला दोष देतील. ईपबसाठी थोरियम रीडर ठेवा, तेही फुकट आहे आणि डेझीही उघडते. दाखल्याचे म्हणाल तर अल्पदृष्टी आणि पार्किन्सन्स (कंपवात) हे दोन्ही २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहेत. अर्जात दोन्ही लिहा, एकच लिहू नका.

पौडफाटा

लॅपटॉप बिघडला म्हणजे आयफोनच घ्याल, तेव्हा हा धागा आठवेल.

कराडची_भाची

एनव्हीडीए बसवले. मामांनी दोष दिला. अर्जाबद्दल विचारायचे आहे: दोन्ही दिव्यांगत्वांची तपासणी एकाच दिवशी होते, की दोन विभागांत वेगवेगळ्या तारखा मिळतात? सातारा जिल्ह्यातल्या कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.