अनुभव धागा : नाशिकमधली आपली हिरवी जागा

सावरफूल :
परवा सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानाला फेऱ्या मारून बाहेर पडले, तेव्हा पायाखाली काहीतरी मऊ आले म्हणून थांबले, तर काटेसावरीचे ताजे फूल पडलेले होते. पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे नाव असले तरी आमच्या घरात सगळे गोल्फ क्लबच म्हणतात, आणि लहानपणी दर रविवारी आजोबा मला तिथे घेऊन जात. काटेसावरीचे फूल जड असते, त्यामुळे ते तरंगत खाली येत नाही, थप्प असा आवाज करून पडते. आजोबा ते उचलून माझ्या तळहातावर ठेवत आणि पाच जाड पाकळ्या बाजूला करून बुडाशी साठलेला मध दाखवत. झाडावर एकही पान नसताना मैना, कावळे, सूर्यपक्षी यांची एवढी गर्दी का होते, हे मला पुस्तकातून नव्हे तर त्या एका फुलातून कळले. आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली. परवा ते फूल मी घरी आणले आणि आईने ते देवापाशी ठेवले.

त्यावरून हा धागा काढावासा वाटला. घरापासून पायी, सायकलने किंवा सिटी बसने जाता येईल अशी तुमची हिरवी जागा कोणती, ती तुम्हाला कुणी दाखवली आणि तिथे तुम्ही काय पाहिले, ते लिहा. जागा मोठी किंवा प्रसिद्ध नसली तरी चालेल, पण जवळून पाहिलेली एखादी गोष्ट जरूर सांगा.

मु. पो. पंचवटी :
पाच वड. बाहेरगावचे लोक सीतागुंफेच्या रांगेत उभे राहतात आणि ज्या झाडांमुळे पंचवटीला पंचवटी म्हणतात त्यांच्याकडे न पाहताच निघून जातात, याचे मला लहानपणापासून वाईट वाटत आले आहे. झाडांवर क्रमांक घातलेले आहेत. आम्ही मुले पाहुण्यांना ते क्रमाने मोजायला लावत असू, आणि घरे-दुकानांच्या गर्दीत त्यांचे एखादे झाड हमखास निसटत असे. माझी आजी वटपौर्णिमेला फांदी विकत आणू देत नसे. ज्याच्या आयुष्यासाठी सूत गुंडाळायचे त्याचीच फांदी तोडायची कशी, असे ती विचारी आणि उन्हात चालत जाऊन झाडापाशीच पूजा करी. आज आमच्या इमारतीत वीस घरांत वीस फांद्या येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्याच्या गाडीत जातात. मी आणि माझी पत्नी अजूनही झाडाकडेच जातो.

कॉलेजरोडची :
कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते आहे. प्रसूतीनंतर मला घरात कोंडल्यासारखे होऊ लागले, तेव्हा सासूबाईंनी बाळाला स्वतःकडे घेऊन मला रोज अर्धा तास ट्रॅकवर पाठवायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस मी कुठेही न पाहता नुसती चालत होते. मग टुक्-टुक्-टुक् असा एकसारखा आवाज ऐकू येऊ लागला आणि तो कुठून येतो ते शोधण्यासाठी मी मान वर केली. तो तांबट पक्षी होता. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा आणि गळ्याशी पिवळा रंग. एका वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला तो चोचीने भोक पाडत होता. भुसा तोंडात धरून मागे सरकायचा, मान झटकून तो खाली टाकायचा आणि पुन्हा आत शिरायचा. नंतर वाचले की तो घरट्यासाठी अशीच वाळलेली, आतून मऊ झालेली फांदी निवडतो. तेव्हापासून कुणी वाळक्या फांद्या छाटायला आले की मी आधी त्यांना भोक आहे का ते पाहायला सांगते.

आळीतला :
कॉलेजरोडची ताई, आमचे घर जुन्या तांबट आळीत आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडते तसा आवाज काढतो म्हणून त्या पक्ष्याला तांबट म्हणतात, आणि माझ्या लहानपणी आमच्या आळीत दोन्ही आवाज एकदम ऐकू येत असत. आळीमागच्या एका वाड्यात उंबर होता आणि तांबटाला उंबर, वड, पिंपळ यांची फळे फार आवडतात. वाडा पडला तेव्हा उंबरही गेला. आता भांडी ठोकण्याचा आवाजही फार थोड्या घरांतून येतो.

सावरफूल :
आळीतला दादा, तुम्ही एवढ्या थोड्यात लिहिलेत, पण मी ते आईला वाचून दाखवले.

लेणीवाट :
माझी जागा पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी लेणी, आणि पायथ्याचे नेहरू वनोद्यान. बहुतेक लोक फाळके स्मारक पाहून परत फिरतात. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा, आणि शेवटही १९४४ मध्ये नाशिकलाच झाला, त्यामुळे स्मारक इथे असणे योग्यच आहे. पण त्याच वेळी पायऱ्या चढून वर जावे असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि त्याचे कारण या धाग्याशी थेट जोडलेले आहे. चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (नालासोपारा) या ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्या आणि बागा, तलाव, विहिरी केल्या, असे त्यात कोरलेले आहे. त्यातले गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचे आपले गोवर्धन. त्याच लेखात नारळाच्या बत्तीस हजार झाडांच्या दानाचाही उल्लेख येतो. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या परिसरात वाटसरूंसाठी बाग होती आणि ती करणाऱ्याला दगडात कोरून ठेवण्याइतकी महत्त्वाची वाटली होती.

ही ओळ मला आमच्या इतिहासाच्या बाईंनी दाखवली. त्यांनी 'आराम' या शब्दावर बोट धरायला लावले होते, अर्थात भिंतीला न टेकवता. आराम म्हणजे बाग, हा अर्थ मला त्या दिवशी कळला. खाली उतरताना उन्हाळ्याच्या तोंडावर पळस फुललेला असतो. पूर्वी रंगपंचमीच्या रहाडीतल्या, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या हौदातल्या, रंगासाठी पळसाची फुले वापरत, असे आमच्याकडे थोरली माणसे सांगत.

सिडकोतली आई :
मला वाईट अनुभव लिहायचा आहे, चालेल ना? आमच्या घराजवळच्या बागेचे नाव लिहीत नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना झोक्याची गंजलेली साखळी तुटली आणि त्याच्या हनुवटीला चार टाके पडले. तक्रार केली, कुणीतरी येऊन झोका काढून नेला आणि नुसता सांगाडा वर्षभर तसाच उभा राहिला. आम्ही बागेत जाणेच सोडले. मग एका संध्याकाळी मुलानेच हट्ट धरला म्हणून गेलो, तर सांगाड्याच्या पायाशी साचलेल्या मातीत पिंपळाचे रोप उगवले होते. त्याने ते स्वतःचे म्हणून ठरवून टाकले. पिंपळ तिथे मोठा होऊ शकणार नाही हे दिसत होते, म्हणून आम्ही चार शेजारणींनी ते पावसाळ्यात मुळासकट काढून बागेच्या कोपऱ्यात मोकळ्या जागी लावले आणि आळीपाळीने पाणी घातले. आज ते माझ्या खांद्याला लागते. वारा जाणवत नसतानाही त्याची पाने हलतात, कारण देठ लांब असतो, हे माझा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मु. पो. पंचवटी :
सिडकोतली आई, तुमच्या लेकाला आमच्याकडून आशीर्वाद सांगा. जखमेची खूण राहिली का?

सिडकोतली आई :
बारीक राहिली आहे, काका. दाढी आली की झाकली जाईल, असे त्याचे बाबा म्हणतात.

सातपूरकर :
फाशीचा डोंगर. नाव ऐकून बाहेरचे लोक दचकतात, पण आता तिथे नाशिक देवराई उभी राहिली आहे. २०१५ च्या पर्यावरण दिनाला तिथे मोठ्या प्रमाणावर देशी झाडांची लागवड झाली. मी तेव्हा कारखान्यात पहिल्या पाळीला होतो, सुट्टी काढून गेलो आणि पाच रोपे लावली. मला वाटले होते की काम झाले. खरे काम पुढे उन्हाळ्यात सुरू झाले. मुरमाड डोंगरावर फेब्रुवारीपासून जमीन तापते, रोपाभोवतीचे आळे कोरडे पडते आणि गवत वाळले की वणव्याची भीती असते. त्यामुळे गवत कापून जाळरेषा काढायची, आळ्यात पालापाचोळा भरायचा आणि पाणी मुळाशी हळूहळू मुरू द्यायचे, हे शिकावे लागले. माझ्या पाचांपैकी दोन रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली. त्या वेळी मला इतके लागले की मी महिनाभर तिकडे फिरकलो नाही, आणि परत गेलो तेव्हा माझ्या उरलेल्या तिन्ही रोपांना कुणीतरी पाणी घालून ठेवले होते. ते कोण, हे मला आजवर समजलेले नाही.

देशी झाडांचा आग्रह का, असे नवीन मुले विचारतात, त्यांना मी काही सांगत बसत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना गिरिपुष्प या परदेशी झाडाखाली आणि मग एका उंबराखाली प्रत्येकी दहा मिनिटे बसवतो आणि किती मुंग्या, किडे, पाखरे दिसली ते वहीत लिहायला सांगतो.

निफाडची :
वहीची पद्धत फार आवडली. आमच्याकडे नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. नाशिकहून हिवाळ्यात पहाटे निघावे. माझा भाऊ चमच्या पक्ष्याला पाहून म्हणाला होता की हा पाण्यात भाजी ढवळतो आहे, आणि खरोखरच तो चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे तशीच फिरवतो.

गोदाकाठ :
मी रामवाडीच्या बाजूने गोदापार्कवर चालतो. त्या पायवाटेचे सगळे आयुष्य नदीच्या हातात आहे. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे तिन्ही पूर मी काठावर उभा राहून पाहिले आहेत. आम्ही जुने लोक पाण्याचा अंदाज नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतो. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला आले असे फोनवरून सांगितले जाते आणि कुणाच्या कमरेला, हे विचारावे लागत नाही. २०१६ चा पूर ओसरल्यावर मी गेलो, तेव्हा बाके, दिवे, फरशा उखडल्या होत्या आणि सगळीकडे वीतभर गाळ होता. लावलेली शोभेची झुडपे पार गेली होती, पण काठावरची करंज आणि उंबर जागच्या जागी होते. त्यांच्या खोडांवर पाणी जिथवर चढले होते तिथे चिखलाची सरळ रेघ उमटली होती, आणि रेघेच्या वर पाने नेहमीसारखी हिरवी होती. पुन्हा काही बांधायचे झाले तर ते त्या रेघेकडे पाहून बांधावे आणि काठावर नदीची सवय असलेली झाडे ठेवावीत, एवढीच माझी मागणी आहे.

तपोवनातला :
गोदाकाठ काका, तुमचे म्हणणे आमच्याकडेही लागू पडते. कपिला आणि गोदावरीच्या संगमावर मी पोहायला शिकलो आणि तपोवनातल्या सावलीत अभ्यास केला. १२ वर्षांनी येणारा सिंहस्थ आमच्या घरातही सोहळ्यासारखाच असतो, २०१५ मध्ये आमच्या अंगणात रोज पंगत होती. २०२७ च्या तयारीत साधुग्रामासाठी इथली झाडे तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा माझी आई, जिने आयुष्यात कधी मोर्चा पाहिला नव्हता, ती झाडांसाठी उभी राहिली. साधूंना सावली लागत नाही का, एवढेच ती प्रत्येकाला विचारत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो.

मूळची देवळालीची :
पुण्यात राहते, तरी लिहिते. कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून सायकलने शाळेत जाताना डिसेंबरात धुके इतके असायचे की पुढची मैत्रीण दिसत नसे, फक्त तिची घंटा ऐकू यायची. वर्षातून एकदा तेवढ्यासाठी येते.

कॉलेजरोडची :
मूळची देवळालीची ताई, या वेळी आलात तर कृषीनगरलाही या. आता निघते, बाळ उठले.

सावरफूल :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, म्हणून आईला घेऊन कृषीनगरला गेले. आई आजोबांची लेक, तिला झाडे नावाने ठाऊक आहेत, पण गुडघ्यांमुळे दोन वर्षांत ती अशी बाहेर पडली नव्हती. आम्ही एकाच बाकावर बसून राहिलो. आवाज येत होता, पक्षी दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने आईनेच वाळकी फांदी ओळखली आणि खालच्या बाजूला रुपयाएवढे गोल भोक दाखवले. पावणेनऊ वाजता त्यातून आधी चोच, मग लाल कपाळ बाहेर आले, त्याने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा आत गेला. आईने विचारले की पुढच्या रविवारी पाच वडांकडे रिक्षा अगदी जवळपर्यंत जाते का. पंचवटीकर काका, कृपया सांगाल का?

मु. पो. पंचवटी :
काळारामाच्या बाजूने आलात तर थोडेच चालावे लागेल. सकाळी आठच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. मी पूर्व दरवाजापाशी थांबतो आणि आईंसाठी घरून खुर्ची घेऊन येतो.