परसात पाणी साचतं, तिथे रानफुलं लावायची आहेत, मदत हवी

नमस्कार मंडळी, आमचं घर चिपळूणजवळ. परसाचा विहिरीकडचा कोपरा सखल आहे, वरचं सगळं पाणी तिथेच उतरतं आणि जूनअखेर साचलेलं पाणी गणपती होईपर्यंत चार बोटं तसंच असतं, जानेवारीत मात्र त्याच जागी भेगा. दिवाळीनंतर फूटभर खड्डा खणून पाणी ओतून बघितलं, दुसऱ्या दिवशीही अर्धं तसंच! खालची माती नुसती चिकण आहे.

शेवंती, गुलाब सगळं गेलं. उपटलं तर मुळं काळी, बुळबुळीत, सडक्या अंड्यासारखा वास. सगळे म्हणतात भराव घाल, पण मला नाही घालायचा, तिथे बेडूक असतात, चतुर येतात, आणि शेताच्या बांधावर एवढं फुलतं मग परसात का नाही?

गेल्या वर्षी बांधावरचा तेरडा आणला. शेंगा हात लागला की फुटतात म्हणून खाली पिशवी धरून बी जमवलं, मेअखेर विस्कटलं. काठावरचा मस्त आला, गौरीला घरचाच तेरडा झाला, इतका आनंद झाला! पण पाण्यातला देठापाशी मऊ पडून आडवा. चवराचं पण तेच, गडग्याला टेकून लावलेला फुलला, मधले कंद कुजले. आता मधोमध काय लावू? कासला बघितलेले गेंद, सीतेची आसवं चालतील का?

प्रतिसाद:
ताई, कासचं काही आणू नका, तिथून झाडं उपटणं चुकीचंच, शिवाय ती सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, पातळ निकस मातीतली, सीतेची आसवं तर बारीक जीव पकडून पोट भरते, परसातल्या मातीत टिकणार नाही. मधोमध कोळसुंदा लावा, तालिमखाना म्हणतात तोच. भातखाचराच्या कडेला चिखलातच वाढतो, पाऊस सरला की निळी-जांभळी फुलं. काटे जबरदस्त असतात, वाटेपासून लांब लावा. कडेने नीरब्राह्मी, काडी खोचली तरी रुजते, फक्त उन्हाळ्यात ओल ठेवा. तेरडा, चवर काठावरच राहू दे, त्यांना ओल हवी पण मुळाशी हवाही लागते.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! नीरब्राह्मी विहिरीच्या पन्हळीखाली लावते, तिथे बाराही महिने ओल असते. कोळसुंदा आमच्या खाचराकडेला आहे, पण बी ओलं झालं की चिकट होऊन गोळा होतो, मग कोरडंच मेमध्ये टाकू की आधी रोपं करू?