‘कन्सिलियन्स’ म्हणजे ज्ञानाची एकता नव्हे

पंचगंगाकाठ : ब्रिटिश तत्त्वज्ञ विल्यम ह्यूएल यांनी १८४० साली लॅटिनमधील ‘एकत्र’ आणि ‘उडी मारणे’ या अर्थांच्या शब्दांपासून ‘कन्सिलियन्स’ घडवला. एका प्रकारच्या तथ्यांवरून बांधलेला सिद्धान्त, जी तथ्ये तो बांधताना ध्यानीमनीही नव्हती अशा अगदी वेगळ्या प्रकारच्या तथ्यांचाही उलगडा करतो, तेव्हा हा शब्द वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रहगतींसाठी मांडलेल्या न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने संपातचलनाचेही, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत जाण्याचेही, कारण दिले, हे त्यांचे उदाहरण. १९९८ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी याच नावाच्या पुस्तकातून त्याला सर्व ज्ञानशाखांच्या एकतेचा अर्थ दिला. माझ्या मते त्यामुळे एक धारदार शब्द बोथट झाला.

शिवाजी पेठकर : अर्थ बदलतात, त्यात बिघडले काय? आपल्याच कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीकडे पाहा. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. तिथली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने आपल्या ग्रंथात दख्खनच्या ‘बालिओकुरोस’ राजाचा उल्लेख केला आहे आणि कोल्हापूरच्या जुन्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’ हे मिळतेजुळते नाव आढळते. मूर्ती, ग्रंथ आणि नाणी एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर त्याला हा शब्द का लावू नये?

पंचगंगाकाठ : कारण ही बोटे एका दिशेला नाहीत. मूर्तीवरून रोमन वस्तू इथवर पोहोचली एवढेच ठरते, राजा कोण होता हे नव्हे. नावांचे साम्य तर टॉलेमी हाताशी ठेवून नाणी वाचणाऱ्यालाच जाणवले असेल, तर ते दोन पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र कसे मानायचे? याला पुराव्यांची बेरीज म्हणा. माझी हरकत नाही.

राजारामपुरीतील वाचक : दोघेही ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांना विसरलात. गृहीतकाने ज्ञात तथ्ये उलगडली म्हणून ते सिद्ध होत नाही, कारण दुसरे एखादे गृहीतकही तेच करू शकेल, असा आक्षेप त्यांनी १८४३ मध्येच घेतला होता. मूळ व्याख्या कितीही काटेकोर असली तरी ती खात्री देत नाही, मग विल्सन यांच्यावरच राग का?

पंचगंगाकाठ : खात्रीचा दावा मी केलेलाच नाही. मिल यांचा आक्षेप मान्य केला तरी, सिद्धान्ताला आधी ठाऊक नसलेले काही उलगडले आणि आधीच ठाऊक असलेले उलगडले, यांत फरक उरतोच. त्या फरकासाठी ह्यूएल यांचा शब्द हवा.

शिवाजी पेठकर : मग ब्रह्मपुरीच्या बाबतीत आधी ठाऊक कोणाला काय होते, हे नाण्यांच्या वाचनाचा क्रम पाहून ठरवू या, तोवर मी माझे मत बदलत नाही.