स्पर्शपुस्तकात चिकटवलेली पानं चुरतात, ब्रेल दबतं. काय करू?

चार वर्षांच्या अंध मुलीसाठी झाडांच्या पानांचं पुस्तक करतेय. फेव्हिकॉलने लावलेली खरी पानं आठवड्यात चुरली, पुस्तकाच्या समोरच्या पानावरचे ब्रेलचे ठिपकेही बसले.

उत्तर १
ताई, वाळकं पान बोटाखाली टिकणारच नाही. खरं ताजं पान हातात द्या, पुस्तकात त्याचा आकार कापडाचा करा. पिंपळाला रेक्झिन घ्या, टोक लांब ठेवा, शिरा जाड दोऱ्याने टाका घालून उठवा. नुसतं चिकटवू नका, कड शिवा. मुलं आधी कडच उचकटतात. पातळ कागद गोंदाने सुरकुततो आणि ती सुरकुती बोटाला रेघ वाटते, म्हणून ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) कार्ड वापरा. एका पानावर एकच आकार.

उत्तर २
ठिपके बसतात ते चित्राच्या जाडीमुळे. बांधणीच्या कडेला चित्राइतक्याच जाडीची पुठ्ठ्याची पट्टी लावा, म्हणजे पानांत फट राहते. स्पायरल घ्या, पुस्तक सपाट उघडतं. ब्रेल वेगळ्या १४० ते १६० जीएसएम कागदावर उठवून बाकी सगळं झाल्यावर चिकटवा. ब्रेलच्या पाटीवर कागदाच्या मागून टोचतात, म्हणून उजवीकडून डावीकडे टोचायचं, हे विसरलात तर सगळं उलटं. ‘पान’ म्हणजे ठिपक्यांची तीन घरं, एका अक्षराला एक: प, आ, न. भारती ब्रेलमध्ये (आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये) कान्याऐवजी ‘आ’च येतो.

उत्तर ३
मणी, टिकल्या नकोत, तोंडात जातात. आणि झालेलं पान मुलीच्याच हातात देऊन बघा. आपण डोळे मिटून चाचपलं तरी चित्र आपल्याला आधीच ठाऊक असतं.