फुगा हरवला त्या दिवसांचं काय? (ग्वाल्हेरच्या वरच्या हवेची सरासरी)

लष्करवाला
आपल्या ग्वाल्हेरला पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी हवामान खात्याचा फुगा चढतो, मिनिटाला साधारण 300 मीटर. हिवाळ्यात 12 किलोमीटरवर पश्चिमी जेट, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, 100 नॉटच्या (ताशी सुमारे 185 किलोमीटर) पुढे सहज जातो. फुगा तिथवर पोचेतो वारा त्याला पूर्वेला लांब पळवतो. अँटेनाने कोन मोजायच्या जुन्या पद्धतीत तो क्षितिजालगत आला की वाऱ्याची नोंद तुटायची. म्हणजे वारा सर्वांत जोरात, तेव्हाच रकाना कोरा! समजा जानेवारीत 21 दिवसांची सरासरी 90 नॉट आली आणि हरवलेल्या 10 दिवसांत वारा 130 होता. खरी सरासरी 103. कडाक्याची थंडी पडली की मेळ्यातली गर्दी मोजायचीच नाही, त्यातला प्रकार. अशी सरासरी छापूच नये.

दौलतगंजकर
दादा, 130 तुम्हीच धरलेत, मग 103 येणारच. आता जीपीएसवाले साँड (फुग्याला टांगलेलं, रेडिओने नोंदी पाठवणारं यंत्र) आहेत, कोनाची कटकट गेली. जुन्या नोंदींत सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला. कोरे दिवस 'जोराचे' म्हणून वरच्या टोकाला ठेवा; ते निम्म्याहून कमी असतील तर मधला आकडा हलत नाही. एवढ्यासाठी जुनं बाड रद्दीत घालायचं?

लष्करवाला
जीपीएसमुळे तर गोची वाढली. आधी जोराचे दिवस गळायचे, आता गळत नाहीत. दोन्ही काळ एका आलेखात जोडा, वारा तोच असला तरी जेट बळावतोय असं दिसेल. उद्या कोणीतरी त्यावर हवामानबदलाचा मथळा देईल.

सराफा_आजोबा
पोरांनो, सगळे कोरे दिवस वाऱ्याचे नसतात. कधी फुग्यात भरायला हायड्रोजन नसतो, कधी साँड मुका होतो, कधी फुगा लवकर फुटतो. तो मध्यक कुठल्या भरवशावर काढणार?

दौलतगंजकर
आजोबा, हे मान्य. पण मग 'कोरा म्हणजे जोराचा' हे दादांचंही गृहीतकच! शिवाय दिल्ली आणि लखनौलाही फुगे चढतात. त्यांच्या नोंदी ताडून पाहता येतात.

लष्करवाला
जेट तिघांच्याही डोक्यावरून जातो. ज्या दिवशी इथला फुगा पळतो, त्याच दिवशी तिथलाही पळायची शक्यता जास्त. आणि तापमानही सुटत नाही. 16-17 किलोमीटरवर उणे 70 च्या खालच्या थंडीत रबर कडक होऊन फुगा फुटतो, म्हणजे त्याच्या वरच्या थरांत थंड दिवस जास्त गळतात आणि सरासरी उबदार दिसते.

दौलतगंजकर
ते फुग्याच्या रबरावरही अवलंबून, सरसकट नका लावू. आणि छापूच नका म्हणालात, तर उपग्रहांच्या तापमान-नोंदी 1979 च्या आसपासपासूनच्या. त्याआधीच्या वरच्या हवेला विचारायचं कुणाला? छापा, पण शेजारी दिवसांची संख्या द्या.

सराफा_आजोबा
नुसती संख्या नको. फुगा किती उंचीवर तुटला आणि का, तेही लिहा. 21 दिवस म्हटलं की 10 कुठे गेले हे विचारायला माणूस आधी थांबायला हवा ना.

लष्करवाला
कारणाचा रकाना असेल तर माझी हरकत निम्मी झाली. जेटचा कल दाखवणाऱ्या आलेखाबद्दलची मात्र कायम.